नेत्याची खरी मिळकत



नेत्याचे मोठेपण सभेच्या गर्दीवरून ठरत नाही; त्याच्यामागे कार्य चालविणारे किती राहिले, यावरून ठरते, असे आम्हांस वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी तरुण गोखल्यांवर सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम सोपवून त्यांना घडविले. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला आणि नव्या सभासदांना पाच वर्षांची उमेदवारी घालून दिली. १९१५ साली गोखले निवर्तले. संस्था मात्र थांबली नाही. श्रीनिवास शास्त्री अध्यक्ष झाले, ना. म. जोशी कामगारांत आणि ठक्करबाप्पा भिल्लांत कार्य करीत राहिले.

आपल्या मंडळात तरुणांच्या वाट्यास सतरंज्या उचलणे येते. हिशेबाची वही ज्येष्ठांच्या कपाटातच राहते. यंदा ती वही, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि ही स्मरणिका तिशीच्या आतील मुलामुलींच्या हाती द्यावी. शेजारी एक ज्येष्ठ बसावा. त्याने चूक दाखवावी, परंतु काम काढून घेऊ नये.

आम्ही खुर्ची सोडू त्या दिवशी ती रिकामी राहू नये, एवढीच आमची विनंती आहे.