नर्मदा, चंबळ आणि आपल्या घरचा दिवा
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे केलेले भाषण)



ऊर्जेवर बोलायला मराठीच्या प्राध्यापकाला का बोलावले, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका पाहून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. परंतु समितीचे म्हणणे असे पडले, की विज्ञानाची माणसे आकडे सांगतील आणि ते घरी पोचेपर्यंत विसरले जातील. तुम्ही जरा शब्दांच्या अंगाने बोला. आकडे मीही सांगणार आहे, कारण त्यांच्यावाचून ह्या विषयात नुसती हळहळ उरते. पण आरंभ शब्दापासून करतो.

आपण 'वीजनिर्मिती' म्हणतो. निर्मिती म्हणजे जे नव्हते ते अस्तित्वात आणणे. कवी कवितेची निर्मिती करतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. ते कितपत खरे, हा निराळा वाद. ऊर्जेच्या बाबतीत मात्र निसर्गाला हा शब्द मान्य नाही. ऊर्जा नव्याने घडवता येत नाही आणि नाहीशीही करता येत नाही. तिचे एक रूप मोडून दुसरे करता येते, सोनाराने पाटल्या मोडून तोडे करावेत तसे. आणि त्या मोडणीत जशी घट जाते, तशी इथेही जाते. कोळशातील उष्णतेचे शंभर भाग धरले, तर त्यांतले पस्तीस-अडतीस वीज म्हणून हाती येतात. बाकीचे धुराड्यावाटे आणि यंत्रे थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जातात. एवढी घट घेणारा सोनार सराफ्यात एक दिवस टिकला नसता.

ही मोडणी होते कशी? १८३१ मध्ये मायकेल फॅरडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांजवळ हलत राहिले तर तारेत वीज वाहू लागते. तेव्हापासून जगातील बहुतेक वीजघरांची खटपट एकच आहे: एक चाक सतत फिरते ठेवायचे. आपल्या आज्या पहाटे उठून जाते फिरवीत, तेच काम. जात्याच्या खुंट्याला हात कोणाचा, एवढाच फरक. धरणाखाली तो हात कोसळत्या पाण्याचा असतो. कोळशाच्या वीजघरात कोळसा मैद्यासारखा दळून, जाळून पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ चाक फिरवते. अणुवीजघर म्हटले की मनापुढे काहीतरी अद्भुत उभे राहते. पण तिथेही युरेनियमचा अणू फोडून निघालेल्या उष्णतेने शेवटी पाणीच उकळायचे असते. पवनचक्कीला वारा फिरवतो. सौरपत्रा तेवढा ह्या बिरादरीबाहेरचा: त्यात चाक नाही, वाफ नाही, आवाज नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीवर प्रकाश पडतो आणि तीतून वीज वाहू लागते.

हे सारे प्रकार पाहण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. श्रावणात तिथे सहलीला गेलेली मंडळी इथे बरीच असतील. तिच्या काठाने मनाने खाली चला. मंदसौर जिल्ह्यात, पूर्वीच्या होळकरी मुलखातल्या रामपुरा-भानपुरा भागात, १९६० मध्ये पुरे झालेले गांधी सागर धरण लागते. त्याच्या पायथ्याचे वीजघर ११५ मेगावॉटचे. पुढे राजस्थानात राणा प्रताप सागर आणि जवाहर सागर. म्हणजे एकच पाणी तीनदा चाक फिरवून जाते आणि तरी पाणीच राहते. राणा प्रताप सागराच्या काठी रावतभाटा. तिथली पहिली अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभारली गेली आणि १९७३ पासून वीज देऊ लागली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अंग काढून घेतले. पुढचे काम आपल्या अभियंत्यांनी तडीस नेले. आणखी खाली कोट्याला नदीच्या काठावरच कोळशाचे मोठे औष्णिक वीजघर आहे. जलविद्युत, अणू आणि कोळसा, तिघांनाही चंबळच लागते: एकाला पडण्यासाठी, दोघांना निवण्यासाठी.

आता ह्या तिघांच्या भुकेकडे पाहा. चाळीस वॉटची जुनी नळी पंचवीस तास जळली की विजेचे एक युनिट होते. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण फार, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. त्यामुळे एका युनिटाला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा खर्ची पडतो आणि पाव किलोच्या आसपास राख मागे उरते. उलट रावतभाट्यासारख्या भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियम चाळीस-पन्नास हजार युनिटे देते. एवढ्या विजेसाठी कोळशाच्या मालगाडीचा अर्धा डबा लागेल. मात्र राखेचे ढीग डोळ्यांना दिसतात, आणि अणुभट्टीतून बाहेर काढलेले वापरलेले इंधन हजारो वर्षे सांभाळावे लागते. हजारो वर्षे म्हणजे ज्ञानेश्वरीपासून आजवरच्या काळाच्या कितीतरी पट. एवढा दीर्घ पहारा कोणत्याही राज्याने आजवर दिलेला नाही, हे म्हणायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

ह्या ठिकाणी दुसरा एक शब्द मला नेहमी अडवतो. कोळसा, तेल, धरणे ह्यांना आपण 'पारंपरिक' म्हणत आलो आणि सूर्य-वाऱ्याला 'अपारंपरिक'. १९९२ मध्ये केंद्रात ह्या कामासाठी मंत्रालय झाले तेही 'अपारंपरिक ऊर्जा स्रोत' ह्या नावाचे; २००६ मध्ये ते नाव बदलून 'नवीन आणि नवीकरणीय' झाले. माळव्यात दगडी कोळशाची राजवट आली ती आगगाडी आणि गिरण्यांबरोबर. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोट रुपये कर्जाऊ देऊन खंडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग आणविला, त्याला दीडशे वर्षे होत आहेत. ह्या पाहुण्याला परंपरा म्हणायचे, आणि ज्या उन्हात आपण पापड-कुरडया वाळवल्या, ज्या वाऱ्यावर धान्य उफणले, ते परंपरेबाहेरचे! मला ही नावे देणाऱ्यांचे नवल वाटते.

पवनऊर्जेविषयी थोडक्यात सांगतो. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर तिची चाके उभी आहेत, ती पाहावीत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते, म्हणून वाऱ्याची जागा निवडण्यातच सारे कसब. आणि चाक कितीही चांगले केले तरी वाऱ्यातील ऊर्जेचे शंभरांतले एकोणसाठ भाग ह्यापलीकडे ते काढून घेऊ शकत नाही. सगळी काढून घेतली तर वारा तिथेच थांबेल आणि मागचा वारा येणार कोठून? सौरऊर्जेची झेप मात्र विलक्षण आहे. आपल्याच राज्यात रीव्याजवळ ७५० मेगावॉटचा प्रकल्प २०२० मध्ये राष्ट्राला अर्पण झाला आणि तिथली काही वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. सौरपत्र्याला पाणी थोडे आणि माणसेही थोडी लागतात. जमीन मात्र लागते, एका मेगावॉटला चार-पाच एकर.

पण मला आज मुख्यतः बोलायचे आहे ते नर्मदेविषयी, कारण ती आपल्या नळाला येते. जलूद येथून विंध्य चढवून तिचे पाणी १९७८ पासून इंदुरात येऊ लागले. त्यापूर्वीच्या पाणीटंचाईच्या आठवणी वडीलधाऱ्यांजवळ असतील. नदीपासून आपले शहर चारशे मीटरांहून अधिक उंच आहे. मोटेने विहिरीतून पाणी काढावे तसे आपण ते काढतो; फक्त विहीर सत्तर किलोमीटर दूर आहे आणि बैलांच्या जागी वीज आहे. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, यंत्राची घट अजिबात धरली नाही तरी, एक युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. आता उलट बाजू पाहा. त्याच नर्मदेवर वरच्या अंगाला पुनासा येथे इंदिरा सागर धरण आहे. तिथे पाणी साठ मीटरांच्या आसपास कोसळते. त्यातून एक युनिट मिळवायला सहा-सात हजार लिटर पाणी खाली सोडावे लागते. म्हणजे आपल्या छतावरची हजार लिटरची टाकी एकदा भरण्यासाठी तिकडे सहा-सात हजार लिटर नर्मदा कोसळावी लागेल. हा हिशेब घरी कागदावर करून पाहा. शाळेतील पदार्थविज्ञान त्याला पुरते. टाकी भरून वाहू लागली की माझ्या कानाला तो आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही.

इंदिरा सागराचे वीजघर एक हजार मेगावॉटचे, आणि त्याचा जलाशय देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. तो २००४-०५ मध्ये भरू लागला आणि सुमारे अडीचशे गावे पूर्णतः वा अंशतः त्याच्या कवेत आली. त्यांत हरसूद हे चांगले नांदते बाजाराचे गाव होते. शाळा, देवळे, मशिदी आणि स्वतःचे रेल्वे स्टेशन असलेले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी ह्याच हरसूदला देशभरातून हजारो माणसे जमली होती, बाबा आमटे त्यांत होते. पुढच्याच वर्षी बाबा आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला राहायला आले. धरण थांबले नाही. २००४ च्या जूनअखेर हरसूद रिकामे करण्यात आले, आणि लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी पाडली. विटा, दारे, चौकटी जे नेता येईल ते नेण्यासाठी. रेल्वेचा मार्गसुद्धा वळवावा लागला. नवे हरसूद छनेऱ्याला वसले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाचे अवशेष वर येतात.

शास्त्राच्या पुस्तकात ऊर्जास्रोतांचे दोन कप्पे असतात. कोळसा, तेल, युरेनियम संपणारे; सूर्य, वारा, पाणी न संपणारे. ही विभागणी इंधनापुरती बरोबर आहे. नर्मदेचे पाणी दर पावसाळ्यात नव्याने येते, म्हणून ती नवीकरणीय. हरसूद मात्र एकदाच होते. इंधन संपते का, एवढेच ती विभागणी विचारते; ते वापरताना दुसरे काय संपते, हे विचारायला तिच्याजवळ कप्पाच नाही. मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नसावा. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, तो मुंबईला वीज पुरवणाऱ्या धरणाविरुद्धच होता. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' तर आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल; धरणग्रस्तांवरच्या त्या कादंबरीला १९९२ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मी धरणांच्या विरुद्ध बोलतो आहे असा समज कृपया करून घेऊ नका. नर्मदेचे पाणी पिऊन, विजेच्या दिव्याखाली उभे राहून तसे बोलणे मला शोभणार नाही. आणि धरण नको म्हटले, तर त्याची वीज दुसरीकडून आणावी लागेल. ती कोठून, तेही त्याच जलाशयाकाठी दिसते. तिथे कोळशाचे २५२० मेगावॉटचे वीजघर आहे: कोळसा शेकडो किलोमीटरांवरून मालगाड्यांनी येतो आणि पाणी इंदिरा सागराचे. त्याला नाव दिले आहे संत सिंगाजींचे. सोळाव्या शतकातले हे निमाडी संतकवी. त्यांची पदे निमाडातले शेतकरी आणि गुराखी आजही गातात. त्यांच्या समाधीभोवती बांध घालून ती बुडण्यापासून वाचवली गेली, आणि आता ती त्या अफाट पाण्यात बेटासारखी उभी आहे. आमच्या क्षेत्रातला हा एक संत असा तिहेरी अडकला आहे, ह्याची नोंद अजून कोणत्याही वाङ्मयेतिहासाने घेतलेली नाही.

बुडालेल्या जमिनीवर तरंगते सौरपत्रे बसवावेत, म्हणजे नवी जमीन लागणार नाही, हा विचार अलीकडचा. ओंकारेश्वरच्या जलाशयावर सहाशे मेगावॉटचा तसा आराखडा आहे आणि त्याच्या पहिल्या टप्प्यातून २०२४ मध्ये वीज मिळू लागली. कल्पना मला मनापासून आवडली. पण जमीन गेल्यावर ज्यांनी त्याच पाण्यात जाळे टाकायला सुरुवात केली, त्यांनी पत्र्यांखाली जाळे कसे टाकायचे, हे आधी ठरायला हवे. आपल्या महानगरपालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे विकून २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूदला साठ मेगावॉटच्या सौरप्रकल्पासाठी. आपली मोट सूर्याने ओढावी म्हणून. हे काम मला पुष्कळ सरळ वाटते, कारण पाणी ज्या शहराचे, कर्जही त्याच शहराच्या माथी.

राहता राहिली रात्र. सूर्य मावळल्यावर सौरपत्रा मुका होतो, आणि आपले दिवे तर त्यानंतरच लागतात. त्यावरचा एक उपाय पुन्हा चंबळकाठी रामपुऱ्याच्या बाजूला हाती घेतला गेला आहे. दिवसा सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेने गांधी सागराचे पाणी डोंगरावरच्या तळ्यात चढवायचे आणि रात्री तेच खाली सोडून चाक फिरवायचे. चढवताना जेवढी वीज लागते त्याच्या तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक परत मिळते. ही घट कोळशापेक्षा कितीतरी सोसवणारी. मूळ धरणाच्या वीजघरावर मात्र वेगळाच प्रसंग ओढवला होता: २०१९ च्या सप्टेंबरातील महापुरात ते स्वतःच पाण्याखाली गेले. भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांची छत्री पाहायला आपल्यापैकी कोणी ना कोणी जातच असते. पुढच्या खेपेस तिथून गांधी सागरही पाहून यावे. फार लांब नाही.