कड्यावरचा यजमान

सह्याद्रीचे कडे महाराष्ट्रांत पाहिलेल्या माणसास ही रांग दक्षिणेकडे कोठवर गेली आहे, याची क्वचितच आठवण राहते. केरळांत मुन्नारजवळ ती आपलें सर्वांत उंच मस्तक वर काढते. त्या शिखराचें नांव अनामुडी. त्याची उंची ८,८४२ फूट; म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ साडेतीन हजार फुटांनीं अधिक.

या शिखराच्या परिसरांत सुमारें ९७ चौरस किलोमीटरांचें इरविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटलें कीं ताटवे व कारंजीं डोळ्यांपुढें येतात. येथें त्यांतलें कांहींच नाहीं. उघडे गवताळ माथे आणि घळींतून दडलेलीं, ठेंगण्या वृक्षांचीं गर्द वनें, एवढेंच येथलें वैभव. या वनांना तिकडे ‘शोला’ म्हणतात. पावसाचें पाणी हीं वनें व तें गवत धरून ठेवतात आणि पुढें ओढ्यांच्या रूपानें सावकाश परत देतात.

येथला मुख्य रहिवासी नीलगिरी ताहर. तमिळ भाषेंत त्याला ‘वरैयाडू’, म्हणजे कड्यावरची शेळी, म्हणतात. आंखूड, राठ केस, मागें वळलेलीं शिंगें आणि वयस्क नराच्या पाठीवर रुपेरी खोगीर घातल्यासारखा डाग, हें त्याचें रूप. कडा हाच त्याचा किल्ला. बिबळ्या किंवा रानकुत्रे दिसतांच कळप तिकडे धांव घेतो.

या माळांवर पूर्वीं इंग्रज मळेवाले शिकार करीत. पुढें त्यांच्याच मंडळानें शिकारीस आळा घातला, व मुथुवान जमातीच्या माणसांनीं राखण केली. सन १९७५ मध्यें हें अभयारण्य झालें आणि १९७८ मध्यें राष्ट्रीय उद्यान.

आज राजमलेच्या रस्त्यावर ताहर माणसापासून हातभर अंतरावर चरतांना दिसतो. मुंबई-पुण्याहून गेलेल्या कुटुंबांतील मुलांस त्याला कांहीं खाऊ घालण्याचा मोह होणें स्वाभाविक आहे. परंतु त्याचा हा धीटपणा म्हणजे माणसाळलेपण नव्हे. दीर्घ काळ बंदूक न ऐकल्यानें त्यानें आपल्यावर टाकलेला तो विश्वास आहे. हातचें खाण्याची चटक लागली, तर तो गवत आणि कडा दोन्ही विसरावयाचा. मग त्याचा किल्लाच ढासळला! म्हणून तेथें रिकामा हात हीच खरी भेट.

विणीच्या दिवसांत, बहुधा फेब्रुवारी-मार्चांत, उद्यान प्रवाशांस बंद असतें. दूरवरून येऊन परतणाऱ्यास वाईट वाटतें खरें. परंतु बाळंतिणीच्या खोलींत परक्यानें शिरूं नये, हें आपल्याही घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं.

याच उतारांवर बारा वर्षांनीं नीलकुरिंजी फुलते. आपल्या कारवीची ती सख्खी बहीण. सन २०१८ मध्यें तिचा बहर येऊन गेला. जिला फुलावयास एक तप लागतें, तिच्या घरीं जाणाऱ्या पाहुण्यानें दोन महिने थांबावें, हें कांहीं फार मोठें मागणें नव्हे.