वेदनेचे दार आणि वेदनेचे शब्द



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते वर्गात एखादा शब्द आला की त्याचे कूळ आणि मूळ सांगितल्यावाचून पुढे जात नसत. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. मराठीच्या सेवानिवृत्त प्राध्यापकाने मज्जारज्जूच्या विद्युत्-उद्दीपनावर का बोलावे? मी वैद्य नव्हे, आणि वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकारही नाही. परंतु या उपचाराशी माझा दुहेरी संबंध आला, एक घरचा आणि दुसरा भाषेचा. पुढे या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या. तेवढेच आज आपल्यापुढे मांडतो.

आरंभ शब्दापासून करू. ‘वेदना’ आणि ‘वेद’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आले आहेत. ‘व्यथा’ हा शब्द कापण्याच्या, डळमळण्याच्या अर्थाच्या धातूचा, ‘पीडा’ दाबण्याच्या. शूळ म्हणजे तर सरळ टोकदार शस्त्रच. कमरेपासून पायात उतरणाऱ्या दुखण्याला आयुर्वेदाने ‘गृध्रसी’ म्हटले, कारण तो रोगी गिधाडासारखा चालतो. आपल्या पूर्वसूरींनी वेदनेला ‘जाणीव’ म्हटले ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. युरोपात याच्या उलट एक कल्पना दीर्घकाळ रुजली होती. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने असे चित्र रंगविले, की पायाला विस्तवाचा चटका बसला की एक दोरी ओढली जाते आणि मेंदूत घंटा वाजते. जितका चटका, तितकी घंटा. इजा नाही तर वेदना नाही. या कल्पनेने कित्येक रुग्णांवर अन्याय केला. कारण ज्यांची जखम भरली पण दुखणे राहिले, त्यांच्यावर कोणी विश्वासच ठेवीना.

हे चित्र १९६५ साली बदलले. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आपला ‘द्वार-नियंत्रण सिद्धान्त’ मांडला. मज्जारज्जूच्या मागील भागात जणू एक दार असते. बारीक तंतूंतून वेदनेचे संदेश येतात, जाड तंतूंतून स्पर्शाचे. स्पर्शाचे संदेश भरपूर आले की दार लोटले जाते आणि वेदनेला वाट कमी मिळते. शिवाय मेंदूकडूनही खाली आज्ञा येतात. भीती, आशा, लक्ष यांचाही त्या दारावर हात असतो. पुढे या सिद्धान्तातले तपशील बदलले, परंतु मुख्य गोष्ट टिकली. पोराचे कपाळ उंबऱ्यावर आपटले की आई ते चोळते. त्या चोळण्यामागे केवळ माया नसते, शास्त्रही असते, हे त्या दोघांनी आपल्याला सांगितले.

सिद्धान्ताला अवघी दोन वर्षे होत असतानाच, १९६७ साली, अमेरिकेतील नॉर्मन शीली या मेंदूशल्यविशारदाने तो हाताने करून पाहिला. असाध्य कर्करोगाच्या वेदनेने तळमळणाऱ्या एका वृद्धाच्या मज्जारज्जूवर त्यांनी विद्युत्-अग्र बसविले आणि सौम्य प्रवाहाने ते दार लोटण्याचा यत्न केला. विजेने वेदना शमविण्याची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गुस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि संधिवातावर विद्युत् मासा अंगाला लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे.

आज हा उपचार कसा होतो ते थोडक्यात सांगतो. मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर जी पोकळी असते तिच्यात सुईवाटे एक-दोन बारीक तारा सरकवितात. प्रथम त्या तारांची टोके बाहेरच ठेवून जवळजवळ आठवडाभर परीक्षा घेतात. वेदना निम्म्याने तरी उतरली तरच नितंबाच्या किंवा पोटाच्या त्वचेखाली छोटे यंत्र कायमचे बसवितात. जुन्या पद्धतीत दुखऱ्या भागात हलक्या मुंग्या जाणवत. २०१५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका पद्धतीत सेकंदाला दहा हजार स्पंदने देतात; तीत मुंग्या जाणवत नाहीत. तार सरकणे, जंतुसंसर्ग होणे, काही वर्षांनी यंत्र बदलावे लागणे, हे धोके मात्र आहेत. खर्चही लाखांच्या घरात जातो.

आता घरची गोष्ट. माझ्या पत्नीच्या कमरेवर दोनदा शस्त्रक्रिया झाली. हाड सांधले, चित्रे स्वच्छ आली, पण उजव्या पायातले दुखणे गेले नाही. अशा दुखण्याला इंग्रजीत ‘अयशस्वी शस्त्रक्रिये’चे नाव होते. कोणाचे तरी अपयश दाखविणारे ते नाव आता मागे पडून ‘चिवट मणकेवेदना’ अशा अर्थाचे नवे नाव रूढ होत आहे, हे मला बरे वाटते. आमच्या शहरातील दवाखान्यांत बोलणे हिंदीतून. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न येई, ‘दर्द दस में से कितना?’ ती बिचारी ‘सहा’ म्हणे. कागदावर सहा लिहिले जाई आणि वेदनाशामक गोळ्या हाती पडत. अशी तीन वर्षे गेली. पुढे मराठी जाणणाऱ्या एका वेदनातज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी आकडा विचारलाच नाही. म्हणाले, ‘आजी, कसं दुखतं ते सांगा.’ ती म्हणाली, ‘कमरेपासून अंगठ्यापर्यंत सणक जाते. मग भगभग होते. रात्री पावलाला मुंग्या येतात, आणि पांघरूण लागलं तरी हुळहुळतं.’ त्या डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, ‘हे हाडाचं नाही, मज्जातंतूचं दुखणं आहे.’

श्रोतेहो, इथे दोन्ही वाटा एकत्र आल्या. मज्जातंतूची वेदना ओळखण्यासाठी डॉक्टर ज्या प्रश्नावल्या वापरतात, त्यांत जळजळ, विजेसारखा झटका, मुंग्या, बधिरता हेच विचारलेले असते. आणि मज्जारज्जूचे उद्दीपन प्रामुख्याने याच जातीच्या वेदनेसाठी आहे. झिजलेल्या गुडघ्याच्या दुखण्यासाठी नाही. म्हणजे शब्द चुकला की निदान चुकते आणि उपचाराची वाट चुकते. मेलझॅक यांना हे पुरते ठाऊक होते. त्यांनी १९७५ साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत २० गटांत ७८ शब्द आहेत. आमच्या मराठीचे भांडार पाहा: गळवाची ठसठस, दाढेचा ठणका, छातीतली कळ, पाठीतली चमक आणि उसण, पोटातला मुरडा, खरचटल्याची चुरचुर, चालून पायांना आलेली रग, बाळंतपणाच्या वेणा. यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

पत्नीची परीक्षा आठ दिवस चालली. तिसऱ्या रात्री ती सलग पाच तास झोपली. सकाळी म्हणाली, ‘दुखणं गेलं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसलंय.’ पुढे यंत्र बसविले. वेदना साधारण निम्मी राहिली आहे. ती मंडईत जाते, परत येते आणि यंत्राची विजेरी भारित करीत पुस्तक वाचत बसते.

एका घरच्या अनुभवावरून सिद्धान्त काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर सांगितले. म्हणून दुसरी बाजूही मांडतो. कॅनडातील शल्यविशारद कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखाली १०० रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांनी पायाची वेदना निम्म्याने उतरलेले रुग्ण उद्दीपनाच्या गटात शेकडा ४८ होते. केवळ इतर उपचारांच्या गटात शेकडा ९. उलट २०२२ साली नॉर्वेतील ५० रुग्णांच्या अभ्यासात एका विशिष्ट लयीचे उद्दीपन आणि बंद ठेवलेले यंत्र यांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२३ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने तर कंबरदुखीसाठी हा उपचार संशोधनाबाहेर वापरण्यास आधार नाही असा निष्कर्ष काढला. तज्ज्ञांचा वाद चालू आहे. म्हणून जाहिरात पाहून कोणी धावू नये आणि वाद ऐकून कोणी आशा सोडू नये. आपले दुखणे कोणत्या जातीचे, हा पहिला प्रश्न विचारावा.

आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपणांत एक वाक्य घातले. त्याचा आशय असा, की मनुष्य स्वतःच्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर करावा. चार शतकांच्या प्रवासानंतर शास्त्र ‘विद्’ धातूपाशी येऊन पोहोचले, असे मला म्हणावेसे वाटते. ज्याला होते, त्यालाच ते ठाऊक असते.

या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत. काही या सभागृहात बसले आहेत. त्यांना माझे मागणे लहानसे आहे. समोर मराठी आजी-आजोबा आले की आकडा जरूर विचारा, पण त्याआधी ‘कसं दुखतं?’ हे त्यांच्या भाषेत विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. शिक्षकांना सांगणे असे, की महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी आता दुखण्याला ‘दर्द’ आणि ‘पेन’ हे दोनच शब्द उरत चालले आहेत. सणक, कळ, ठणका, रग यांतला भेद त्यांना शिकवा. पुढेमागे त्यांना तो स्वतःसाठी किंवा आपल्या आईवडिलांसाठी दवाखान्यात उपयोगी पडेल.