माझगावची इस्राएली शाळा



मुंबईत माझगावला सर एली कदूरी शाळा आहे. तिचे मूळ नाव इस्राएली शाळा. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ती बेने इस्राएल मुलांसाठी काढली.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागच्या आसपास ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शनिवारचा हा विसावा, शब्बाथ, त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळला. हिब्रूची विद्या मात्र त्यांच्यापाशी फारशी नव्हती. ती त्यांना बरीचशी मिळाली ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. त्यांच्यापैकी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले आपल्या पूर्वजांची भाषा शिकली. मिशनऱ्यांना धर्मांतराची आशा होती. धर्म बदलणारे अगदी थोडे निघाले. मुलांनी विद्या घेतली आणि ती घेऊन सिनेगॉगमध्ये परत आली.

पण आपला धर्म दुसऱ्याच्या शाळेत किती दिवस शिकायचा? इस्राएली शाळेचा जन्म या प्रश्नातून झाला. हिब्रू आता आपल्या छपराखाली, आणि शेजारी इंग्रजी. मराठी तर घरचीच. शाळा निघण्याच्या आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, पुण्यात वल्हांडण सणाला वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत लुगडे नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. धर्म जपायला मराठीपण सोडावे लागते, असे या समाजाला कधी वाटले नाही, याची ही साक्ष.

या शाळेचे सर्वांत मोठे नाव रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकलेली ही मुलगी १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली. पुढे १९२२ पासून १९५० पर्यंत त्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एका मुलींच्या शाळेने घडवलेली विद्यार्थिनी आपल्या समाजाची शाळा अठ्ठावीस वर्षे चालवते! बाहेरच्या जगातून घेतलेले घरी आणून रुजवायचे, ही या समाजाची जुनी रीत त्यांनी पुढे नेली. त्यांच्याच काळात सर एली कदूरी यांच्या देणगीतून शाळेला नवे नाव मिळाले.

मग १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र उभे राहिले आणि बेने इस्राएल कुटुंबे बिऱ्हाडे आवरून तिकडे जाऊ लागली. आज साऱ्या भारतात ज्यू जेमतेम काही हजार उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर वर्ग भरण्याइतकी त्यांची मुलेच इथे राहिली नव्हती.

शाळा मात्र बंद पडली नाही. आता तिथे बहुतेक मुले मुसलमान घरांतली आहेत. कोणी याला त्या शाळेचा शेवट म्हणेल. मला तसे वाटत नाही. मिशनऱ्यांच्या बाकांवर बसून ज्यांनी आपले ज्यूपण अधिक पक्के केले, त्यांना हे ठाऊक होते, की परक्याच्या शाळेत शिकल्याने मूल परके होत नाही. तेव्हा त्यांच्या शाळेत आज शेजाऱ्यांची मुले शिकत असतील, तर मी म्हणेन, एक जुने ऋण योग्य ठिकाणी फिटते आहे.