कर्करोग आणि सूक्ष्म कणांचे शस्त्र
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



कर्करोगावरील औषधांची मोठी अडचण अशी, की ती शिरेतून दिली म्हणजे सर्व शरीरभर फिरतात, आणि रोगी पेशींबरोबर निरोगी पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध गुणकारी खरे. परंतु त्याची एकूण मात्रा वाढत गेली म्हणजे हृदय दुर्बल होण्याचे भय असते.

शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. हेच औषध त्यांनी स्निग्ध द्रव्याच्या इवल्याशा कुपीत बंद केले. ही कुपी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ हजाराव्या हिश्श्याएवढी. अर्बुदातील रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असल्यामुळे त्यांच्या भिंतींत फटी राहतात. निरोगी वाहिनीतून सहसा न निसटणारी कुपी तेथे झिरपते आणि साठून राहते. हे तत्त्व जपानमध्ये मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ साली मांडले. १९९५ साली अमेरिकेत ‘डॉक्सिल’ या नावाने असे औषध मान्य झाले. हृदयाचा उपद्रव त्यामुळे पुष्कळ कमी झाला. तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास मात्र काहींना होतो. पुढे युरोपात २०१० साली आणखी एक उपाय मान्य झाला. त्यात मेंदूच्या अर्बुदात लोहाचे सूक्ष्म कण सोडून ते बाहेरील चुंबकीय क्षेत्राने तापवितात.

तथापि याला कोणी रामबाण समजू नये. टोरोंटो येथील संशोधकांनी मागील दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध केला. टोचलेल्या कणांपैकी साधारणतः अवघे ०.७ टक्के अर्बुदात पोचतात, असे त्यात दिसून आले. उरलेल्यांपैकी पुष्कळसे यकृत व प्लीहा अडवून धरतात.

म्हणून माझी कळकळीची विनंती ऐका. आपल्या घरांतून या रोगाचे नाव घेण्याचीही चोरी असते. मुलीचे लग्न मोडेल, चार लोक काय म्हणतील, या धास्तीने आई छातीतील गाठ महिनोन्‌महिने पदराआड लपविते. हा रोग स्पर्शाने लागत नाही आणि तो होणे हा कलंक नव्हे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्णांसाठी उभे आहे. शास्त्राने कण कितीही सूक्ष्म केले, तरी आपण दवडलेला काळ ते परत आणू शकत नाहीत. गाठ लपवू नका, वेळीच दाखवा.