बॅटरीचा भार कोणावर?

(विंझर येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नसरापूरहून वेल्ह्याकडे येताना रस्त्यावर विजेवरच्या किती स्कूटर दिसतात ते मी आज मुद्दाम बघत आलो. पाच-सहा वर्षांपूर्वी या रस्त्यावर त्या औषधालाही सापडत नव्हत्या. आता कोणी तिच्यावरून खेड शिवापूरला कामाला जातं, कोणी कॉलेजला, तर कोणी पायात कॅन ठेवून दूध घालायला. त्या कॅनबद्दल पुढे बोलणार आहे. मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेली गाडी बघायची आणि किती नुकसान झालं, त्यातलं किती पॉलिसीत बसतं, ते लिहून द्यायचं, हे माझं काम. गाडी बघताना मालक पहिलं वाक्य हमखास म्हणतो, "साहेब, फुल इन्शुरन्स आहे." आज या 'फुल'च्या आत काय आहे आणि काय नाही, तेवढंच बोलायचं आहे.

विम्याचा स्वस्त भाग आधी उरकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा लागतो. म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. याचे दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत विजेवरच्या वाहनांना सरसकट १५ टक्के सूट दिली. ७५ ते १५० सीसीच्या पेट्रोल दुचाकीचा वर्षाचा दर ७१४ रुपये, तर तिच्या जोडीच्या ३ ते ७ किलोवॅटच्या स्कूटरचा ६०७. ३ किलोवॅटपर्यंतची असेल तर ४५७. नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून तशी पद्धत झाली. ३ ते ७ किलोवॅटच्या स्कूटरला त्याचे ३,२७३ रुपये. त्यावर जीएसटी वेगळा, १८ टक्के. स्कूटर घेताना ५ टक्के आणि तिच्या विम्यावर १८ टक्के! जीएसटीत गाडीला दिलेली सवलत विम्यापर्यंत पोहोचलीच नाही.

गोंधळ इथेच होतो. पाच वर्षांचा कागद हातात आला की माणूस निवांत होतो. पण तो पाच वर्षांचा भाग फक्त समोरच्यासाठी आहे. तुमच्या स्वतःच्या गाडीचा विमा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो बहुतेक वेळा पहिल्या वर्षापुरताच असतो. तो संपल्याचं दुसऱ्या पावसाळ्यात ओढ्यात गाडी गेल्यावर कळतं. हा भाग नंतर वेगळा घेता येतो आणि कोणत्याही कंपनीकडून घेता येतो. आज घरी गेल्यावर कागदावर दोन तारखा शोधा. त्या एकच असतीलच असं नाही.

या दुसऱ्या भागाचे दर २००७ पासून कंपन्यांच्या हातात आहेत. इथे विजेवरची गाडी महाग पडते. कारण सरळ आहे. पेट्रोलच्या गाडीची किंमत शेकडो सुट्या भागांत वाटलेली असते. ठोकर लागली तर तुटलेला भाग बदलायचा. विजेवरच्या स्कूटरच्या किमतीचा मोठा हिस्सा एका पेटीत असतो आणि ती पेटी सीलबंद. आतला एखादा सेल खराब झाला तरी बऱ्याचदा अख्खी पेटी बदलण्याचाच अंदाज येतो. ती उघडून दुरुस्त करणारा माणूस नसरापुरात नाही, पुण्यातही शोधावा लागतो.

आता हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. स्कूटर १,२०,००० रुपयांची, तिसरं वर्ष चालू. विम्यासाठी गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, वयाप्रमाणे उतरत जाते. सहा महिन्यांच्या आत ५ टक्के कमी, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. म्हणजे आपली गाडी ८४,००० ची. अपघात झाला, बॅटरीची पेटी फुटली, नवी ५५,००० ची. साध्या पॉलिसीत भाग बदलताना घसारा कापतात. २००२ च्या जुन्या वाहन विमा दरपत्रकापासून चालत आलेला नियम असा, की रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के. हा नियम लिहिला तेव्हा बॅटरी म्हणजे बटण दाबल्यावर गाडी चालू करणारी छोटी पेटी. तिची निम्मी किंमत खिशातून गेली तरी कोणाचं घर बुडत नव्हतं. तोच नियम ५५,००० च्या पेटीला लावला की २७,५०० तुमचे. म्हणून विजेवरच्या गाडीला 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापण्याचं जोड-संरक्षण, ही चैन नाही. ती घ्या, आणि घेताना बॅटरी त्यात धरली आहे का हे लेखी विचारा. काही पॉलिसींत बॅटरीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, चार्जरसाठी आणखी वेगळं.

याच उदाहरणात पुढची पायरी आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. ८४,००० चे ७५ टक्के म्हणजे ६३,०००. बॅटरी ५५,००० ची आणि बॉडीचे दहा हजार, झालं. बाहेरून चांगली दिसणारी गाडी कागदावर संपते. मग ८४,००० मिळतात, पण कर्ज असेल तर आधी बँकेचं. उरलेलं तुमचं. प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली आणणारे एजंट आहेत, त्यांना हा हिशेब करून दाखवा.

आता आपल्या या परिसरात गाडीला काय होऊ शकतं? पाऊस, पूर, दरड, झाडाची फांदी. पूर, वादळ, दरड कोसळणं, आग, वीज पडणं, चोरी या सगळ्यांची नावं साध्या ओन डॅमेज पॉलिसीत आहेत. आगीबरोबर आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे : गाडीने आपणहून पेट घेणं. २६ मार्च २०२२ ला पुण्यात धानोरी भागात रस्त्याकडेला उभी केलेली विजेवरची स्कूटर पेटली, त्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी बघितला असेल. पुढच्याच महिन्यात नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या ४० पैकी २० स्कूटर जळाल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तेव्हा जुनी गाडी सेकंडहँड घेत असाल तर ती कोणत्या महिन्यात तयार झाली, तेवढं बघाच.

म्हणजे बॅटरी पेटली तर विमा आहे. पण बॅटरी नुसतीच मेली तर? एका सकाळी चार्ज घेईना, रेंज निम्म्यावर आली? तिथे विमा नाही. झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड पॉलिसीतून वगळलेला असतो. ते काम वॉरंटीचं. वॉरंटीवाला म्हणतो, पाणी गेलंय, आमचं काम नाही. विमावाला म्हणतो, अपघात कुठे झालाय? दोघांच्या मधल्या फटीत गाडीचा मालक सापडतो. अशा भांडणात मी पुष्कळदा उभा राहिलो आहे आणि निकाल बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर लागतो : पाणी कधी, कुठे आणि कसं गेलं याचा पुरावा कोणाकडे आहे.

म्हणून पहिल्या तासाबद्दल सविस्तर सांगतो. फरशीवरून पाणी वाहतंय, तुम्ही गाडी घातली, मधेच बंद पडली. चार जणांनी ओढून बाहेर काढली. आता आपला स्वभाव असा, की लगेच चावी फिरवून बघायचं, सुरू होते का. नाही फिरवायची. पॉलिसीत अट असते, की नुकसान झालेली गाडी दुरुस्तीआधी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं तर ते वाढलेलं तुमच्या माथी. घरी नेऊन चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही, त्यात जिवाचाही धोका आहे. बॅटरीवर 'आयपी ६७' लिहिलेलं असतं, ते चाचणीतल्या एक मीटर पाण्यात अर्ध्या तासासाठी. गाळ-दगड वाहून आणणारा ओढा त्या चाचणीत नसतो. फोटो काढा : पाण्याची पातळी, गाडीवरची रेषा, नंबर प्लेट, आजूबाजूची ओळखू येईल अशी खूण. मग कंपनीच्या नंबरवर फोन, क्लेम नंबर लिहून घ्यायचा, आणि गाडी आहे तिथे किंवा सुरक्षित जागी ठेवायची. आजकालच्या बऱ्याच स्कूटर स्वतःची नोंद स्वतः ठेवतात. कधी बंद पडली, पुन्हा कधी चालू करायचा प्रयत्न झाला, बॅटरीचं तापमान काय होतं, हे सगळं निघतं. खोटं सांगून उपयोग नाही, आणि खरं सांगणाऱ्याला तीच नोंद साक्षीदार होते.

गाडी न्यायची कशी, हाही प्रश्नच. दुचाकी उचलून नेण्यासाठी साध्या पॉलिसीत ३०० रुपये धरलेले आहेत. विंझरहून पुण्याला ३०० रुपयांत टेम्पोवाला तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही! रस्त्यावरच्या मदतीचं जोड-संरक्षण घेताना किलोमीटरची मर्यादा वाचा. शहरातल्या माणसाला पुरेल एवढंच अंतर त्यात असेल तर तुमच्या काय उपयोगाचं?

सर्व्हेअर कधी येतो? कायद्याने ५० हजार आणि त्यावरच्या वाहन-नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, जून २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात मुदती बांधून दिल्या आहेत : कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. कागद कमी म्हणून क्लेम फेटाळायचा नाही, हेही त्यात आहे. माझ्या धंद्यातल्या लोकांना मी हे गावोगाव सांगतो ते फारसं आवडत नाही.

आता ते दुधाचे कॅन. खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते : भाड्याने द्यायची नाही आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक करायची नाही. घरचं दूध डेअरीवर नेलं तर ते सामान की माल, यावर वाद घालता येईल आणि मी तुमच्या बाजूने घालेन. पण आळीतल्या दहा घरांचं दूध पैसे घेऊन नेत असाल, किंवा रविवारी राजगडाच्या पायथ्याशी पर्यटकांना शंभर रुपयांत सोडत असाल, तर वाद अवघड आहे. तरीही पूर्ण क्लेम फेटाळलाच पाहिजे असं नाही. खाजगी गाडी भाड्याने दिल्याच्या आक्षेपावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात सांगितलं, की अशा वेळी क्लेम पूर्ण टाकून न देता काही कपात करून द्यावा. पण तिथपर्यंत पोहोचायला त्या माणसाला किती वर्षं लागली असतील!

आता ज्यांना विमा लागतच नाही त्या गाड्या. ताशी २५ किलोमीटरच्या खाली चालणारी, पाव किलोवॅटच्या आतली आणि बॅटरीशिवाय ६० किलोपर्यंत वजनाची स्कूटर कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला ना नंबर, ना लायसन्स, ना सक्तीचा विमा. म्हणून ती पोराच्या हातात जाते. पण तिने रस्त्यात आजोबांना पाडलं तर भरपाई तुमच्या खिशातून. आणि तिचा वेग वायर तोडून वाढवला, तर ती मोटार वाहन होते, तीही विनानोंदणी आणि विनाविम्याची. नंबर असलेल्या गाडीतही नोंदणीचा कागद चालू हवा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती नोंदणी संपलेल्या गाडीच्या चोरीचा क्लेम नाकारणं योग्य ठरवलं.

चोरीचं वेगळं आहे. आधी पोलीस ठाणे, मग कंपनी, तेही त्याच दिवशी. गुन्हा ताबडतोब नोंदवला असेल तर कंपनीला कळवायला झालेला उशीर एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येणार नाही, असं २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात ठरलं. पण काढता येणारी बॅटरी एकटीच चोरीला गेली तर? गाडीसोबत चोरी झाली नाही तर जोडसामानाच्या चोरीला संरक्षण नाही, असं पॉलिसी म्हणते. बॅटरी हे गाडीचं अंग की जोडसामान? पॉलिसी घेताना कंपनीला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

काढलेली बॅटरी माजघरात, झोपलेल्या माणसांजवळ चार्ज करू नका, हे मात्र विम्याबाहेर जाऊन सांगतो. २०२२ मध्ये वसईत घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचा मुलगा गेला. घराचं नुकसान गाडीच्या पॉलिसीत येत नाही. त्याला घराचा विमा लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावीच लागते. आपल्याकडे ती फार कमी घरांत आहे.

कंपनीने नाही म्हटलं, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी जायचं. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

आता मी थांबतो. ज्यांनी आपापल्या पॉलिसी आणल्या आहेत त्यांनी पुढच्या टेबलाशी या, चष्मा घालून आपण दोन्ही तारखा शोधू.