पिंपातले मासे आणि वाफ्यातला पालक



वसंत व्याख्यानमालेत युनियनचा माणूस बोलायला उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी मासे आणि पालक यांवर बोलणार आहे. माझे शाळेचे शिक्षण नववीत संपले. पुढचे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा शास्त्रीय परिभाषेची भीती आपण बाळगू नये. माझ्याजवळ ती फारशी नाही.

विषय निवडण्याचे कारण मात्र युनियनचेच आहे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावर, ज्याला जुनी माणसे आग्रा रोड म्हणत, एके काळी पाळ्यांचे भोंगे वाजत. आता तेथे बहुतेक ठिकाणी मनोरे आणि मॉल उभे आहेत. कारखाना बंद होताना कामगाराच्या हातात ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि स्वेच्छानिवृत्तीचे पैसे एकरकमी पडतात. हा पैसा बँकेत स्थिरावण्याआधीच त्याच्यामागे माणसे लागतात. २०१२ साली तामिळनाडूत इमू पक्ष्यांच्या योजनेचा फुगा फुटला. २०१९ साली आपल्या सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबड्यांचा फुटला. अशात आमचा एक सभासद एक रंगीत पत्रक घेऊन माझ्याकडे आला. त्यात लिहिले होते: ॲक्वापोनिक्स, घराच्या मागे मासे, त्यांच्या पाण्यावर भाजी, माती नाही, खत नाही, श्रम नाहीत, आणि महिन्याला पगाराइतके उत्पन्न. किंमत काही लाख रुपये. “साहेब, भरू का पैसे?” असे त्याने विचारले.

त्याला ‘भरू नकोस’ एवढेच सांगून भागले असते. पण कामगाराला नुसते ‘नको’ सांगणारा पुढारी फार दिवस टिकत नाही. का नको, ते सांगावे लागते. म्हणून मी वाचायला बसलो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१४ साली या विषयावर एक जाडजूड पुस्तक काढले आहे, ते फुकट मिळते. आपल्या अंधेरीत, वर्सोव्याला, १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे; कोई आणि गोल्डफिश यांच्या पाण्यावर नाळीची भाजी वाढविण्याचे प्रयोग तेथल्या संशोधकांनी केले आहेत. वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या पत्रकातले शास्त्र खरे होते, हिशेब खोटा होता.

शास्त्र असे. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. साठत गेला तर तोच माशाला मारतो. या पाण्यात, खडीच्या अंगावर, दोन प्रकारचे जिवाणू वस्तीला येतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, त्याने माशाचे रक्त तपकिरी पडते. दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट हे झाडाचे अन्न. झाडाने ते शोषले की पाणी पुन्हा माशाकडे जाते. पवईचा तलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे पटवायला नको. सांडपाण्यातले नत्र खाऊन तेथे जलपर्णी कशी माजते! तोच व्यवहार आपण पिंपात करतो, फक्त जलपर्णीच्या जागी पालक लावतो. कल्पनाही काही आकाशातून पडलेली नाही. गोव्याच्या खाजण जमिनीत मानशीच्या दारांनी खाडीचे पाणी आत-बाहेर सोडून भात आणि मासे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. पिंप-पंपाची आजची पद्धत बसविण्यात व्हर्जिन बेटांवरचे जेम्स राकोसी यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे काम १९८० नंतरचे.

तर या कारखान्यात खरे काम करतात ते जिवाणू. ते दिसत नाहीत, म्हणून पत्रकात त्यांचे नाव नसते. (न दिसणाऱ्या कामगाराचे नाव पत्रकात नसणे ही मला नवी गोष्ट नाही.) त्यांची वस्ती जमायला आपल्या हवेत तीन ते सहा आठवडे लागतात. त्या काळात मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर मासळीचे खाद्य पाण्यात टाकून कुजू द्यायचे, कोणाच्या जुन्या मत्स्यपेटीतली मूठभर खडी मिळाली तर ती घालायची, आणि पाणी तपासायचे. तपासणीच्या थेंबांच्या बाटल्या क्रॉफर्ड मार्केटकडच्या मत्स्यपेटीवाल्यांकडे मिळतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरून नायट्राइट चढते, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. मग चार-पाच मासे सोडावेत, त्याआधी नाही. विकणाऱ्याला हे सहा आठवडे परवडत नाहीत. तो पहिल्याच दिवशी पन्नास मासे सोडून दाखवितो, फोटो काढतो आणि निघून जातो.

आमच्या सभासदासाठी आम्ही जे उभे केले ते दोनशे लिटरच्या निळ्या पिंपाचे. पिंप घेताना त्यात पूर्वी काय होते ते विचारावे. रसायनाचे असेल तर फुकट मिळाले तरी नको. त्याच्या वर पाच चौरस फुटांचा, फूटभर खोलीचा वाफा. वाफ्यात खडी आपली काळ्या दगडाचीच, धुऊन घेतलेली. संगमरवराचे तुकडे किंवा चुनखडी चालत नाही. शंका आली तर दगडावर व्हिनेगर टाकावे. फसफसले की तो दगड परत. तासाला दोनशे लिटर पाणी वर चढविणारा छोटा पंप पुरतो. वाफा भरावा आणि रिकामा व्हावा, कारण मुळांना आणि जिवाणूंना दोघांनाही हवा लागते. घंटेच्या आकाराच्या सायफनने हे आपोआप होते, पण तो जमेपर्यंत माणूस रडकुंडीला येतो. पंपाला वेळेचे बटण लावले की काम भागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो जिवाणूंना मारतो, म्हणून पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवून मग घालावे.

एवढ्या वाफ्यातल्या पालेभाजीला रोज वीस-पंचवीस ग्रॅम खाद्याचे मासे पुरतात, म्हणजे एकूण वजनाने किलो-सव्वा किलो. मासे कोणते? नवख्याने गोल्डफिश किंवा कोई घ्यावे, आणि डासांच्या अळ्या खायला गप्पी. उघड्या पाण्यावर डास झाले तर महापालिकेची नोटीस येते, आणि ती रास्त असते. आफ्रिकन मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नये. त्याच्या पालनावर आपल्याकडे २००० सालापासून बंदी आहे. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडू लागला तर ती लोहाची उपासमार. माशांच्या खाद्यात लोह पुरेसे नसते, ते वेगळे द्यावे लागते. कीड पडली तर हाताने वेचावी. ताम्रयुक्त औषध वाफ्यावर मारले की मासे गेलेच.

आता वजनाचा मुद्दा, आणि येथे मी थोडा थांबणार आहे. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. वाफ्यातली खडी आणखी सव्वादोनशे-अडीचशे किलो, वर ओले पाणी आणि सांगाडा. अर्धा टन झाला. जमिनीवर परसदार असेल, गावठाणात किंवा बैठ्या चाळीत, तर काही चिंता नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचे परसदार म्हणजे इमारतीची गच्ची. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मेली. तेथे बोट दाखविले गेले ते तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांकडे. जुन्या इमारतीत कोण काय काढतो आणि कोण काय चढवितो याचा हिशेब सोसायटीने ठेवला पाहिजे. स्थापत्य अभियंत्याचा लेखी दाखला हातात आल्याशिवाय गच्चीवर पिंप चढवू नये. पत्रकवाला म्हणतो, “काही होत नाही.” त्याला तेथे झोपायचे नसते.

उत्पन्नाचे बोलू. या पाच फुटांतून आठवड्याला पालकाच्या एक-दोन जुड्या निघतात. पुदिना आणि मायाळू त्याहून बरे चालतात. वीस वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला साधारण पंधरा युनिट वीज खातो. त्या पैशात बाजारात किती जुड्या येतात ते येथे बसलेल्या भगिनी माझ्यापेक्षा चांगले सांगतील. मोठे युनिट घेतले तर सारेच आकडे मोठे होतात, तोटासुद्धा. ताजी भाजी, मुलांना शास्त्र शिकायला मिळणे आणि निवृत्त माणसाला सकाळी उठून पाहायला काही असणे, या तिन्ही गोष्टी मी मोलाच्या मानतो. पगार मात्र यातून निघत नाही. केवळ भाजीच हवी असेल तर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कामगारांच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर जी बाग उभी केली ती पाहण्यासारखी गोष्ट आहे; तिला पंपही लागला नाही.

आमच्या सभासदाने पैसे टपालाच्या मुदत ठेवीत ठेवले आणि पिंप परसदारी. सध्या पुदिना जोरात आहे.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी याच आठवड्यात पाणी भरावे, म्हणजे पावसाच्या आधी जिवाणू जमतील. पिंपाच्या काठाखाली चार बोटांवर उतू जाण्याची नळी बसवावी आणि तिच्या तोंडाला जाळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसल्या दिवशी जाळी नसेल तर मासे गटारात जातात. वर पत्र्याचे छप्पर असावे, कारण पावसाचे पाणी फार मिसळले की पाण्याचा आम्लपणा बदलतो. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात ठेवावा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी साऱ्या मुंबईची वीज गेली होती. मासे कमी असतील तर काही तास निभतात, दाटी असेल तर निभत नाहीत.

ते निळे पिंप आणि पाणी तपासण्याच्या बाटल्या मी बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायचे आहे त्यांनी पाहावे, आणि कोणाजवळ तसले पत्रक असेल तर तेही आणावे. आपण मिळून हिशेब करू.